बंदुकीनं नेमकं काय मोजलं?

सप्टेंबर २०२०. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली होती आणि मी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी होते. आशाताई अंगणात आल्या, तापमान मोजायची ती पांढरी बंदूक काढली. आजी चुलीपुढून भाकरी टाकून उठलेली : १००.२ फॅरनहाइट. भाऊ बारामतीहून मोटारसायकलवर नुकताच पोचलेला : ९४.८. आजीचा चेहराच उतरला. ताईंनी दोघांना पंधरा मिनिटं ओसरीवर बसवून परत मोजलं, तर दोघंही ९७ च्या आसपास.

बंदूक खोटं बोलली का? नाही. तिनं कपाळाची कातडी बरोबर मोजली. आपला प्रश्न मात्र आतल्या तापाचा होता.

पहिली गोष्ट, ही बंदूक डोक्यात कुठलेही किरण सोडत नाही (गावात ही भीती फार होती). ती फक्त घेते. कातडी साधारण ३४ अंश सेल्सिअसला असते. तिच्यातून सतत अवरक्त प्रारण बाहेर पडतं, सगळ्यात जास्त ९.४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास. बंदुकीतल्या थर्मोपाइलवर ते पडलं की तो किंचित तापतो आणि इवलंसं व्होल्टेज तयार होतं. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. हिशोब करून बघा : ३०७ केल्विनला एक अंश वाढला तर प्रारण जेमतेम १.३ टक्के वाढतं. ताप आहे की नाही, ते एवढ्याशा फरकावर ठरतं!

त्यात थर्मोपाइलला कळतो तो फरकच, कातडी आणि तो स्वतः यांच्यातला. म्हणून उपकरणाचं स्वतःचं तापमान मोजायला आत एक थर्मिस्टरही असतो. उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच वापरलेली बंदूक चुकते ती इथंच.

शेवटी यंत्र कातडीच्या आकड्यात ठरावीक भर घालून शरीराचा आकडा दाखवतं. ही भर सावलीत शांत बसलेल्या माणसासाठी असते. चुलीची धग, गाडीवरचा वारा, सुकणारा घाम तिला कुठून कळणार? मला जास्त भीती ९४.८ ची वाटते. १००.२ दिसलं की माणूस परत मोजतो, ९४.८ दिसलं की पुढच्या घरी जातो. खरा ताप तिथं सुटू शकतो.

पाऱ्याच्या थर्मामीटरला हा घोळ नसतो, कारण तो अंगाइतकाच तापेपर्यंत आपण थांबतो. हात अंगाशी घट्ट धरायला सांगतात तो काख बंद राहावी म्हणून. नळी खाली एके ठिकाणी चिंचोळी असते, तिथं पारा तुटतो आणि आकडा अडकून राहतो, म्हणून तर झटकावा लागतो. डिजिटलमध्ये थर्मिस्टर : तापला की त्याचा रोध कमी होतो, वाढ थांबत आली की बीप.

माझ्या प्रयोगाच्या वहीत आता प्रत्येक आकड्याशेजारी एक रकाना असतो : मोजण्याआधी नमुना कुठे होता, किती वेळ. एका मे महिन्यात तो मी रिकामा ठेवला आणि आठवडाभराची मोजणी परत करावी लागली.