दाबून ठेवण्याची सवय, सैल सोडण्याचा उपचार

जेऊर हे दौंड-सोलापूर मार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशन. उजनी धरणाचं पाणी आलं तसा या भागात ऊस वाढला, मग केळी आली आणि बायकांची रानातली कामं बारमाही झाली. सकाळी भाकरी बांधून रानात गेलेली बाई दिवस कलल्यावर घरी येते. मधल्या सात-आठ तासांत लघवीला कुठं जायचं? उभ्या उसाचा आडोसा असतो. तोड झाली की तोही जातो. मग ती पाणीच कमी पिते आणि कळ आली तरी दाबून ठेवते. माझी आजी रानात निघताना कितीही तहान लागलेली असो, घोटभरच पाणी प्यायची. तिच्या सुनांनीही तेच केलं.

‘दाबून ठेवणं’ हे काम करतो कोण? कमरेच्या हाडांचा जो कटोरा असतो, त्याचा तळ हाडाचा नसून स्नायूंचा आहे. पुढं जांघेच्या मधल्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणून बसवलेले असतात. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांमध्ये गर्भाशय, हे सगळं या झोळीवर विसावतं. लघवीचा, शौचाचा आणि योनीचा मार्ग तिच्यातूनच बाहेर येतो. यातला प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू तर गुदाशयाला मागून वेढा घालून पुढच्या हाडाला अडकवलेला असतो, पोहऱ्याला दोर अडकवावा तसा. तो आवळला की मार्ग दुमडतो आणि शौच थांबतं. तो सैल पडला की मार्ग सरळ होतो. म्हणजे या स्नायूंची कामं दोन: धरणं आणि सोडणं. धरायला आपण लहानपणीच शिकतो. सोडणं आपोआप होतं असं आपण धरून चालतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते होत नाही.

पायात गोळा आल्यावर पोटरी कशी दगडासारखी होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एवढे जोरात आवळत नाहीत. ते थोडे, पण महिनोन्‌महिने आवळलेले राहतात. सतत आकसलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठा नीट होत नाही, त्यात दुखऱ्या गाठी बनतात. अशा गाठीची एक खोड असते: दाबली इथं तर दुखतं तिथं. स्नायूतली गाठ कधी लघवीच्या जागी जळजळ म्हणून जाणवते, कधी माकडहाडात ठणका म्हणून, कधी जांघेत, कधी पुरुषाच्या वृषणात. दुखतं म्हणून माणूस आणखी आवळून घेतो, आणि आवळल्यानं आणखी दुखतं. बराच काळ हे चाललं की मज्जासंस्थाही हळवी होते. साध्या स्पर्शालाही ती दुखणं समजू लागते.

म्हणूनच हे दुखणं वर्षानुवर्षं भलत्या दारात फिरत राहतं. बाईला वारंवार लघवी होते, जळजळतं; घरचे म्हणतात उन्हाळी लागली. सब्जा होतो, धण्याचं पाणी होतं, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत तरी तिसरा. नवरा-बायकोच्या संबंधात तिला असह्य दुखतं, ते ती कुणाला सांगत नाही. पुरुषाला ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर बसलं की खाली गोटीवर बसल्यासारखं वाटतं, लघवी झाली तरी उरल्यासारखी वाटते. त्याला प्रोस्टेटला सूज आहे असं सांगितलं जातं. वास्तविक प्रोस्टेटायटिसचं निदान झालेल्या पुरुषांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांत जंतूंचा संसर्ग सापडत नाही, हे मूत्रविकारतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. तिसऱ्याचं पोट साफ होत नाही. तो कुंथतो आणि कुंथताना सैल सोडायचा स्नायूच उलटा आवळतो. रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात आणि शेवटी ऐकायला मिळतं, ‘मनाचं आहे.’ दुखणाऱ्या माणसाला याहून वाईट वाक्य नाही. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या नेहमीच्या तपासणीत स्नायूचा ताण दिसत नाही, एवढाच त्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ.

मनाचा संबंध मात्र आहे. 2001 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही स्त्रियांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवून त्यांच्या स्नायूंची हालचाल मोजली. भीतिदायक प्रसंग पडद्यावर येताच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नकळत आवळले गेले, आणि त्याच वेळी खांद्याचेही. धोका दिसला की अंग आकसून घ्यायचं, ही शरीराची जुनीच रीत. कर्जाचा हप्ता, घरातली भांडणं, उघड्यावर कुणी बघेल ही धास्ती, यातलं काहीही रोजचं झालं की आकसणंही रोजचं होतं. तरीही स्नायू खरा आहे, त्यातली गाठ खरी आहे आणि बोटाला ती लागते.

इथं एक धोका सांगायलाच हवा. या स्नायूंचा व्यायाम म्हटलं की मोबाइलवर हमखास ‘केगल’ सापडतो. डॉ. अर्नोल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणानंतर स्नायू ढिले पडून ज्यांची लघवी निसटते अशा स्त्रियांसाठी त्यांनी 1948 साली आकुंचनाचे व्यायाम मांडले आणि त्यांचा खूप उपयोग झाला. पण ते ढिल्या स्नायूंसाठी आहेत. ज्याचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यानं दिवसातून शंभर वेळा आणखी आवळले, तर दुखणं वाढतं. योगातल्या मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या आवळण्याच्या क्रियांचंही तेच. खोकताना लघवी निसटते म्हणजे स्नायू ढिलाच असणार, असंही गृहीत धरू नये. थकलेला, आवळलेला स्नायूसुद्धा वेळेवर काम करत नाही. आपला स्नायू कुठल्या प्रकारचा, हे तपासल्याशिवाय केगल सुरू करू नये.

ही तपासणी या विषयाचं शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट करतात. आधी ते श्वास, पाठ, खुबे आणि पोट बघतात. नंतर, तुमची संमती असेल तरच, हातमोजा घातलेल्या एका बोटानं आतून स्नायू चाचपतात. स्त्रीची योनीमार्गे, पुरुषाची गुदद्वारातून. अविवाहित मुलीची किंवा जिला भीती वाटते तिची तपासणी बाहेरूनही करता येते. सोबत घरचं माणूस थांबू शकतं आणि कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हणता येतं. बोटाखाली दुखरी गाठ सापडली की तिच्यावर हलका दाब देऊन थांबतात. थोड्या वेळानं ती विरघळल्यासारखी सैल पडते. कित्येकांना आपलं नेमकं दुखणं तिथंच पहिल्यांदा ओळखू येतं. बायोफीडबॅक नावाचं उपकरण स्नायूचा ताण पडद्यावर रेषेत दाखवतं. रेष खाली आणायची म्हणजे काय करायचं हे माणूस डोळ्यांनी बघत शिकतो.

याला पुरावा आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मूत्राशयाच्या दीर्घ दुखण्यानं हैराण झालेल्या 81 स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला सर्वांगाची साधी मालिश मिळाली, दुसऱ्याला ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. मालिशवाल्यांत 26 टक्के सुधारल्या, फिजिओथेरपीवाल्यांत 59 टक्के. स्टॅनफर्डमध्ये डॉ. रॉडनी अँडरसन आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वाइज यांनी गाठींवरचा उपचार आणि शिथिलीकरण यांची सांगड घातली. 2005 च्या त्यांच्या अहवालात 138 पुरुषांपैकी 72 टक्क्यांना मध्यम किंवा ठळक आराम पडला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्या आकड्याचं वजन थोडं कमी धरावं. सगळ्यांना पूर्ण बरं वाटतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

शिथिलीकरणात मात्र महाराष्ट्रानं जगाच्या बरोबरीनं काम केलेलं आहे. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी 1929 साली स्नायू क्रमाक्रमानं सैल सोडण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्याआधी पाच वर्षं, 1924 मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रिया उपकरणांनी मोजायला सुरुवात केली होती. उड्डियान आणि नौली करताना आतड्यातला दाब किती उतरतो, हे त्यांनी मोजलं. पुढं मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवून, 1969 साली त्याचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो अभ्यास रक्तदाबाचा होता, ओटीपोटाचा नव्हता. पण निव्वळ सैल पडून राहणं हा उपचार म्हणून मोजता येतो, हे आपल्या माणसांनी तेव्हाच दाखवलं होतं.

घरी करायचं ते असं. सतरंजीवर उताणं पडा, गुडघ्यांखाली वळकटी घ्या. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. श्वास घेताना खालचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. श्वासाचा पडदा खाली उतरतो तेव्हा ओटीपोटाचा तळही त्याच्याबरोबर किंचित खाली उतरतो. ते उतरणं जाणवू द्या, जोर करून ढकलू नका. लघवी सुरू होण्याआधीचा जो सैल क्षण असतो, तोच इथं शोधायचा आहे. श्वास सोडताना पोट आत ओढू नका. जबडा आवळलेला असेल तर तोही सोडा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही. बहुतेक जण इथंच सोडून देतात. फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात.

बाकी गोष्टी साध्या. टबात किंवा मोठ्या घमेल्यात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसावं. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यावा. गुडघे वर आले की तो वेढा घालणारा स्नायू सैल पडतो, उकिडवं बसल्यावर पडतो तसा. कुंथू नये. ट्रॅक्टरवरून तासाभरानं उतरून चार पावलं चालावं. लघवी दाबू नये, आणि उगाच ‘जाऊन येऊ’ म्हणून अर्ध्या तासानं जाऊही नये.

मात्र आधी डॉक्टरांकडून संसर्ग, मुतखडा, गाठ नाही ना याची खात्री करून घ्या. लघवीतून किंवा शौचातून रक्त, ताप, घटतं वजन यांकडं दुर्लक्ष नको. जांघेत बधिरपणा येऊन लघवी-शौचाचा ताबा गेला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. जेऊरहून सोलापूर किंवा पुण्याला जाणार असाल तर आधी फोन करून ‘ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करता का’ असं स्पष्ट विचारा. फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडं नोंदणी आहे का, तेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ज्यांच्या रानात बायका कामाला येतात त्या शेतकऱ्यांना एक विनंती. चार बांबू रोवून हिरव्या शेडनेटचा आडोसा बांधा, शेजारी पाण्याचा ड्रम ठेवा, आणि बायकांना सांगा की पोटभर पाणी प्या.