रत्नागिरी ते अमेरिका: आईबाबांचं विमान तिकीट काढताना नेमकं काय बघायचं?

मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत, आणि आईबाबा रत्नागिरीत. असं एखादं तरी घर आता प्रत्येक आळीत सापडतं. सून बाळंतीण होणार असते किंवा नातवाची मुंज असते, व्हिसा हातात आलेला असतो आणि मग फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो: "कुठली एअरलाईन चांगली?"

या प्रश्नाला दहा जण दहा उत्तरं देतात, कारण प्रत्येक जण आपल्या एका प्रवासावरून सांगत असतो. खरं तर कंपनीचं नाव हा बराच नंतरचा मुद्दा आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसांना प्रवास सुखाचा होईल की शिक्षा वाटेल, हे आधी दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं: विमान किती वेळा बदलायचं, कुठे बदलायचं, सलग किती तास बसायचं आणि सगळं एकाच तिकिटावर आहे का. त्या क्रमानेच बघूया.

प्रवास रत्नागिरी स्टेशनपासून सुरू होतो

रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यातला, तिथून प्रवासी विमानसेवेची प्रतीक्षाच सुरू आहे. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो देशांतर्गत. गोव्याचं मोपा जवळ वाटतं, पण लांबच्या परदेश प्रवासासाठी तिथून पर्याय फारच कमी. म्हणजे मुंबई गाठणं आलंच.

इथे पहिला सापळा आहे तारखेचा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. तिकिटावर '१५ जून, ०१:३०' असं लिहिलं असेल, तर विमानतळावर १४ जूनच्या रात्री दहाच्या सुमारास पोहोचायचं आहे. १५ तारखेला सकाळी घरून निघायचं नाही! वाचताना हसू येईल, पण तिकीट काढून देणाऱ्या एजंटना विचारा, हा घोळ किती घरांत होतो ते.

दुसरा सापळा पावसाचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक साधारण जूनच्या मध्यापासून लागू होतं, गाड्या हळू चालतात आणि वेळा बदलतात. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि कोकण रेल्वे दुसऱ्या दिवसापर्यंत ठप्प झाली. त्या दिवशी मांडवीने जाऊन रात्रीचं विमान पकडायचं ठरवलेल्याने काय केलं असतं? मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर न बोललेलं बरं. पावसाळ्यात निघायचं असेल तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम हवाच. नातेवाईक नसतील तर हॉटेलचा खर्च तिकिटाचाच भाग समजा.

आणि विमानतळाचं नाव नीट वाचा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरमध्ये तिथून विमानं उडायला लागली. रत्नागिरीकरांना पनवेलजवळचा हा विमानतळ सोयीचा, पण म्हणूनच गोंधळाची शक्यताही वाढली आहे. पनवेलला उतरायचं की थेट सहारचं टर्मिनल २ गाठायचं, हे तिकीट बघून ठरवा.

थेट विमान की मध्ये बदल?

मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात. एकदा बसलं की उतरायचं ते अमेरिकेत. ज्यांना परक्या विमानतळाची धास्ती आहे, इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी थेट विमान थोडं महाग असलं तरी मी तेच सुचवेन. पण गुडघे दुखतात, पाय सुजतात, सारखं बाथरूमला जावं लागतं, अशांना १६ तास सलग बसणं जड जातं.

मग 'मध्ये थांबा' घ्यायचा. इथे बहुतेक जण फक्त थांबा किती तासांचा हे बघतात, तुकडे कसे पडतात ते बघत नाहीत. मुंबईहून दुबई साधारण तीन-सव्वातीन तास आणि दुबईहून न्यूयॉर्क जवळपास चौदा तास. म्हणजे थांबा घेतला, तरी मोठा तुकडा मोठाच राहिला. त्याउलट फ्रँकफर्ट, लंडन किंवा पॅरिसमार्गे गेलात, तर साधारण नऊ तास आणि पुन्हा आठ-नऊ तास असे दोन सारखे भाग होतात. पाठीचा-गुडघ्यांचा प्रश्न असेल तर युरोपमार्ग बरा पडतो, हे माझं स्पष्ट मत.

आखातातल्या विमानतळांची बाजूही दुबळी नाही. दुबई-दोहाला हिंदी बोलणारा माणूस चटकन भेटतो आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे, त्यामुळे ही ठिकाणं परकी वाटत नाहीत. शिवाय एमिरेट्स आणि कतार एअरवेज डॅलस, ह्यूस्टन, बोस्टन, सिॲटल अशा शहरांत थेट उतरवतात. हा फायदा किती मोठा आहे बघा.

अमेरिकेत ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं. पुढे दुसरं विमान असेल तर सर्वसाधारणपणे तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून बाहेर यायचं, बॅगा पुन्हा द्यायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणी करून पुढचं गेट शोधायचं. मुंबईत 'बॅगा थेट डॅलसला जातील' असं सांगितलं असलं तरी! पंधरा तासांच्या प्रवासानंतर नवख्या माणसाला हे सगळं दोन तासांत करायला लावू नये. म्हणून मुलगा डॅलसला असेल तर बदल अमेरिकेच्या आधी करा, अमेरिकेत नको.

याला एक अपवाद अबू धाबी. तिथे अमेरिकेच्या अधिकाऱ्यांचं केंद्र आहे. एतिहादने जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशांसारखे बाहेर पडतात. फक्त अबू धाबीत त्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा लागतो.

आखाताचा धोका वेगळा. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं आणि हजारो प्रवासी अडकले. त्याच वर्षी एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यामुळे एअर इंडियाची दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानंही लांबली, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यातल्या बातम्या बघा, मागच्या वर्षी मामा कुठून गेले ते नको.

एक तिकीट, एक पीएनआर

पैसे वाचवायला मुंबई-लंडन एका कंपनीचं आणि लंडन-न्यूयॉर्क दुसऱ्याचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढणारे असतात. तरुणांनी करावं, आईबाबांसाठी नको. सगळा प्रवास एका पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर पुढचं विमान चुकलं की पैसे गेले. शिवाय बॅगा घेण्यासाठी त्या देशात बाहेर यावं लागलं, तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर युरोपात नुसतं विमान बदलायला सहसा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. पण नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर तपासूनच पैसे भरा.

तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' अशी बारीक ओळ असते तीही वाचा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, हे सर्रास चालतं.

इकॉनॉमी म्हणजे सगळीकडे सारखी नव्हे

आता येऊया सीटकडे. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो कंपनीच्या नावाइतकाच महत्त्वाचा. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या एका रांगेत ३-४-३ अशा दहा सीट बसवतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ३-३-३. एअरबस ए३३० मध्ये २-४-२. नवरा-बायको दोघंच असतील तर ए३३० ची खिडकीकडची दोन सीटांची जोडी म्हणजे लॉटरीच, तिसऱ्या माणसाला उठवायची भानगड नाही. रुंदीत ए३५० ची सीट साधारण १८ इंच, तर दहा सीटांच्या ७७७ ची १७ च्या आसपास. एक इंच ऐकायला काही वाटत नाही, चौदा तास बसल्यावर वाटतं.

७८७ आणि ए३५० मध्ये आणखी एक गोष्ट बरी आहे. जुन्या विमानांत आतला हवेचा दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असावा तसा असतो, या दोन्हींत तो सुमारे ६,००० फुटांसारखा ठेवतात आणि हवा थोडी कमी कोरडी असते. वयस्कर माणसांना थकवा कमी जाणवावा म्हणून हा फरक मोलाचा.

प्रीमियम इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३८ इंच मिळतं, इकॉनॉमीत ३१-३२. पाठ जास्त मागे जाते, पाय टेकायला आधार असतो. पण आडवं झोपता येत नाही, ते फक्त बिझनेसमध्ये. शिवाय हा वर्ग सगळ्यांकडे नाही, कतार एअरवेजकडे नाही आणि एमिरेट्सच्या ठरावीक विमानांतच आहे. मार्ग मोडून जात असेल तर एक तुकडा प्रीमियमचा आणि दुसरा साध्या इकॉनॉमीचा, असंही तिकीट मिळतं. पैसे भरण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांसमोरचा वर्ग वाचा.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच राहिला. प्रीमियम इकॉनॉमी इथे 'बाकी'त मोडते. समजा भाडं एक लाख आहे, तर इकॉनॉमीत कर पाच हजार आणि प्रीमियममध्ये अठरा हजार. म्हणजे वरच्या वर्गासाठी मोजलेल्या पैशांतला एक भाग सीटसाठी नसतोच.

सगळा प्रवास बिझनेसने करणं बहुतेकांना परवडणार नाही. पण पैसे थोडे जास्त असतील तर ते सगळीकडे पातळ पसरू नका. सगळ्यात लांब तुकड्यावर आणि तोही रात्रीचा असेल तर त्याच्यावर खर्च करा. मुंबई-दुबईला तीन तास इकॉनॉमीत बसून कोणाचं काही बिघडत नाही.

वरच्या वर्गाचं तिकीट काढलं आणि कंपनीने खालच्या वर्गात बसवलं तर? डीजीसीएच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात करांसह भाड्याच्या ७५ टक्के रक्कम परत मागता येते. बोर्डिंग पास जपून ठेवा.

सीट, जेवण, व्हीलचेअर

वयस्करांसाठी कडेची सीट, म्हणजे आइल. खिडकीचं आकर्षण पहिला तासभर असतं. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात आढळलं. प्रत्यक्षात तो साधारण ६,००० प्रवाशांत एक इतका कमी आहे, पण आधी असा त्रास झालेला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला जागा असते, पण व्हीलचेअर मागितलेल्यांना ती मिळत नाही. अहमदाबादच्या अपघातानंतर '११-ए द्या' म्हणणारेही आहेत. दर विमानात त्या नंबरची सीट वेगळ्या जागी असते, त्यामुळे त्यात अर्थ नाही.

जेवण. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी, असं समजू नका! हिंदू मीलमध्ये गोमांस नसतं, पण चिकन-मटण-मासे असू शकतात. शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, कांदा-लसूण नको तर 'जैन'. हे निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं.

व्हीलचेअरही तिकीट काढतानाच सांगा, उशिरात उशिरा ४८ तास आधी. तिचे प्रकार आहेत. चालता येतं, पण लांब नाही, त्यांच्यासाठी वेगळा, आणि जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी वेगळा.

परतीची तारीख आणि बॅगा

आईबाबांचं परतीचं तिकीट हमखास बदलतं. डिलिव्हरी लांबते, नातू सोडत नाही. सगळ्यात स्वस्त भाड्यात तारीख बदलायचा दंड इतका असू शकतो की वाचवलेले पैसे तिथेच जातात. तेव्हा 'डेट चेंज'ची अट भाड्याइतकीच बारकाईने वाचा. फक्त अमेरिकेत उतरल्यावर मिळालेली राहण्याची मुदत, जी बहुधा सहा महिन्यांची असते, ओलांडू नका.

बॅगांचंही तसंच. अमेरिकेसाठी बऱ्याच कंपन्या प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण 'लाइट' प्रकारच्या भाड्यात एकच मिळू शकते. घरात कोणी शिपवर असेल तर त्याच्या तिकिटाशी तुलना नको, खलाशांच्या तिकिटांचे नियम वेगळे आणि सामानही जास्त.

कोकणातल्या बॅगेत सुकं खोबरं असतंच. ते चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे ज्वलनशील मानतात. आणि ताजा हापूस अमेरिकेत नेता येत नाही. विक्रीसाठी जाणारा आंबाही विकिरण प्रक्रिया करूनच तिकडे जातो, तुमच्या पेटीला ती झालेली नसते. आमरसाचे सीलबंद डबे मात्र चेक-इन बॅगेत घालून न्या, आणि फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर खाण्याचं सामान आहे असं सांगा.