चार पायांचा हिशेब

पोळ्याच्या आधी बाजारात मातीचे बैल येतात. चारही पाय खांबासारखे सरळ, मान ताठ, वशिंड उंच. पूजेसाठी तो बैल योग्यच आहे, कारण त्याला पाटावर उभे राहायचे असते. तोच बैल गोष्टीच्या पुस्तकात चालवायचा झाला, की चित्रकाराची खरी परीक्षा सुरू होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेली मुले तांब्या, पेला, फळे झकास काढतात. पण तांब्या जागचा हलत नाही, शेळी हलते.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने हा विषय केवळ हौसेचा नाही. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांपैकी जवळजवळ निम्मी लांछने चतुष्पाद प्राण्यांची आहेत. ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, वासुपूज्यांचा रेडा, शांतिनाथांचे हरिण, महावीरांचा सिंह, आणि बिडकीनहून ज्या पैठणला रस्ता जातो तेथील मुनिसुव्रतनाथांचे कासवसुद्धा. मातेच्या मंगल स्वप्नांची संख्या श्वेतांबर परंपरेत चौदा व दिगंबर परंपरेत सोळा असली, तरी हत्ती, बैल आणि सिंह दोन्हींत आहेत. पाठशाळेच्या पुस्तकांत मूल हे प्राणी प्रथम पाहते ते चित्रातच. शहरात वाढणाऱ्या पुष्कळ मुलांना चालता बैल दिसतो तो तेवढाच. म्हणून तो नीट चालला पाहिजे.

चित्रातले प्राणी नीट चालत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि ती मोजलीही गेली आहे. बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये चतुष्पादांच्या चालीची एक हजार चित्रे व शिल्पे तपासली. कसलाही विचार न करता पाय मांडले, तर चूक होण्याची शक्यता 73.3 टक्के येते. 1887 पूर्वीच्या चित्रकारांच्या चुका 83.5 टक्के निघाल्या. म्हणजे डोळे मिटून काढणाराही त्यांच्यापेक्षा बरा ठरला असता! 1887 नंतर हे प्रमाण 57.9 टक्क्यांवर आले. आणि गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचे? अवघे 46.2 टक्के. ज्याचा रोजचा जीव जनावरांवर अवलंबून होता, त्याची नजर पक्की होती, एवढाच त्याचा अर्थ.

1887 हे वर्ष मध्ये का आले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यापूर्वी घोड्याचा सर्वश्रेष्ठ अभ्यासक मानला जाई तो इंग्लंडचा जॉर्ज स्टब्ज. त्याने 1756 पासून सुमारे दीड वर्ष एका शेतघरात घोड्यांच्या नसा कापून, रक्त वाहवून त्यांना मारले, त्यांची कलेवरे टांगली, कातडी व स्नायू एकेक थर सोलत रेखाटने केली आणि 1766 मध्ये घोड्याच्या शरीररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे वाचताना अंगावर काटा येतो. ग्रंथ मोलाचा आहे, हेही नाकारता येत नाही. परंतु याच स्टब्जने शर्यतीतला बॅरोनेट नावाचा घोडा रंगवला, तो चारही पाय पुढे-मागे फाकवून हवेत तरंगणारा. चौखूर धावणारा घोडा त्या अवस्थेत कधीच हवेत नसतो. हाडन् हाड कापून पाहिलेल्या माणसाला हाडे कळली; धाव कळली नाही.

धाव कळली ती एकही घोडा न कापता. जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली एकत्र जुळलेले असताना. 1887 मध्ये मायब्रिजचा प्राण्यांच्या व माणसांच्या हालचालींचा 781 छायाफलकांचा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि चित्रकारांना जिवंत प्राण्याचे पाऊल थांबवून पाहता आले. अहिंसेचे संस्कार असलेल्या घरातील मुलाने शरीररचना शिकावी कशी, या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. आता तर खिशातल्या मोबाइलमध्येही संथगती चित्रीकरण असते.

तरीही मोबाइल उघडण्यापूर्वी चालीचा क्रम पाठ असावा. बैल, घोडा, शेळी, कुत्रा, हत्ती, सर्वांची संथ चाल एकाच क्रमाने पडते: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. मागचा पाय पुढच्याच्या पावलाजवळ येऊन टेकतो आणि त्या सुमारास पुढचा उचलला जातो. त्यामुळे एका बाजूचे दोन पाय पोटाखाली जवळ आलेले दिसतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचे दोन लांब फाकलेले असतात. खतावणीत जमा आणि नावे जुळवून पाहावीत तशी ही दोन बाजूंची पडताळणी आहे. दोन्ही बाजूंचे पाय एकाच वेळी जवळ आले, तर कोठेतरी चूक आहे. दुडक्या चालीत मात्र हिशेब बदलतो: डावा पुढचा व उजवा मागचा अशी तिरपी जोडी एकदम पडते. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास बरोबरच टाकतो, म्हणून त्याच्यावरचा स्वार डुलतो. हत्ती कितीही वेगाने निघाला, तरी त्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडत नाहीत. हवेत झेपावलेला हत्ती ही निव्वळ कल्पना होय.

दुसरी चूक सांध्यांची. घोड्याचा किंवा बैलाचा मागचा गुडघा उलटा वाकतो, असे शिकलेली माणसेही म्हणतात. तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ कातडीखाली दडलेला असतो. पुढच्या पायाचे ज्याला आपण ढोपर म्हणतो, ते त्यांचे मनगट. बैल बोटांच्या टोकांवर चालतो, खूर हे त्याचे नखच. आपण चवड्यांवर उभे राहून, हात जमिनीला टेकून पाहिले, की हे एका मिनिटात उमगते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

बिडकीनच्या परिसरात अजून हे सर्व डोळ्यांसमोर आहे. ट्रॅक्टर आले, रुंद रस्ते झाले, तरी शेळ्या, म्हशी, बैल आहेत, मेंढपाळांच्या कळपाबरोबर ओझ्याचे घोडे जातात. देवणी किंवा लाल कंधारी बैल उतारावरून येताना वशिंडाच्या पुढे खांद्याचे फरे आळीपाळीने वर येताना दिसतात. त्याचे कारण असे की बैलाला किंवा घोड्याला हासळीचे हाड नसते. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. फरा सरकला नाही, तर चित्रातला पाय खिळा ठोकल्यासारखा दिसतो. गोशाळेत पहाटे जाऊन बसावे. गाय उठते ती प्रथम मागचा भाग उचलून, पुढच्या ढोपरांवर क्षणभर टेकून; घोडा नेमका उलट, आधी पुढचे पाय रोवून उठतो. गोष्टीच्या पुस्तकात गाय घोड्यासारखी उठलेली दिसली, तर शेतकऱ्याचे मूल हसेल, आणि त्याचे हसणे रास्त असेल.

रेखाटताना पायांपासून आरंभ करू नये. आधी मानेपासून शेपटापर्यंत पाठीच्या कण्याची एकच रेषा, मग खांदा व पुठ्ठा यांचा कल, पाय सर्वांत शेवटी. दहा सेकंदांत एक रेखाटन, अशी पन्नास वाया गेली, तरी चालतात. जनावर तोवर पुढे गेलेले असते. उरलेले आठवणीने पुरे करावे. परीक्षेतले स्मरणचित्र येथे कामास येते.

ही पाठीची रेषा काय करू शकते, हे पाहण्यासाठी अजिंठ्यास जावे. पहिल्या लेण्यात दोन बैलांची झुंज रंगवली आहे. माना खाली, सारे बळ खांद्यांत. त्याच लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे, आणि कोणत्याही हरणाकडे पाहिले तरी ते डोके त्याचेच वाटते. सतराव्या लेण्यात हत्ती, घोडे, शिकारीचे दृश्य. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. नक्कल करून शिकणे हा त्या काळी कमीपणा मानला जात नसे, आताही मानू नये.

एक गोष्ट दुकानदारांसाठी. उत्तम कुंचल्यासाठी खारीचे किंवा मुंगसाचे केस वापरण्याची पद्धत होती. मुंगूस वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित असून त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. एका प्राण्याला जिवंत करण्यासाठी दुसऱ्याचे केस उपटणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. कृत्रिम तंतूंचे कुंचले आता बारीक रेषेलाही पुरेसे चांगले मिळतात. स्टेशनरीचा माल भरताना पुरवठादाराला केस कोणाचे, एवढे विचारावे.

पाठशाळेच्या पुढच्या तक्त्यावर ऋषभदेवांचा बैल चालता काढायचा असेल, तर त्याचा डावा पुढचा पाय उचललेला दाखवावा. डावा मागचा त्याच्या मागोमाग पोटाखाली टेकलेला, उजवा पुढचा सरळ भार घेतलेला, उजवा मागचा दूर मागे, खूर सुटण्याच्या बेतात. तीन पाय जमिनीवर, एक हवेत. डावा फरा किंचित पुढे सरकलेला, मान त्या पावलाबरोबर थोडी हललेली.