एका यंत्रात अनेक यंत्रे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. संगणकाच्या बाबतीत ही म्हण पुष्कळ वर्षे खरी होती. घरच्या किंवा कचेरीतल्या यंत्रावर एका वेळी एकच कार्यप्रणाली चालावयाची. दुसरी हवी असल्यास पहिली बंद करून यंत्र नव्याने सुरू करावयाचे, नाहीतर दुसरे यंत्र विकत घ्यावयाचे. आज मात्र साध्या घरगुती संगणकावरही दोन-तीन कार्यप्रणाली एकाच वेळी, एकमेकींना धक्का न लावता नांदू शकतात. हे कसे घडते, सामान्य माणसास त्याचा उपयोग काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे, गरजेपोटी. आमच्या व्याख्यानमालेतील सुमारे वीस वर्षांपूर्वीची काही भाषणे त्या वेळच्या एका मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमवर टंकलिखित केलेली होती. ती पुस्तकरूपाने छापावयाची राहून गेली. त्या वक्त्यांपैकी काही आज हयात नाहीत, आणि त्यांच्या हस्तलिखित टिपणांचा पत्ता नाही. ज्या संगणकावर हे काम झाले, तो एके दिवशी कायमचा बंद पडला. हार्ड डिस्क शाबूत होती, म्हणून फाईली हाती आल्या. परंतु नव्या संगणकावर त्या उघडून पाहतो तो मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक कालवा! त्या काळच्या मराठी फाँटांत प्रत्येक निर्मात्याने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट आणि तो प्रोग्रॅम नसेल तर मजकूर आंधळा. जुन्या प्रोग्रॅमची सीडी आमच्याजवळ होती, पण नव्या विंडोजवर तो बसेना. भाषणे हाताशी होती आणि वाचता येत नव्हती, अशी ही अवस्था होती.

आता कार्यप्रणाली म्हणजे काय ते आधी पाहू. संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, कळफलक ही सारी निर्जीव सामग्री. ती कोणाला, केव्हा, किती वापरू द्यावयाची हे ठरविणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही तिची परिचित नावे. आपले पत्रलेखनाचे किंवा हिशेबाचे प्रोग्रॅम थेट डिस्कला हात लावीत नाहीत. ते कारभाऱ्याकडे अर्ज करतात. हा कारभारी स्वभावाने एकछत्री असतो. सारे घर आपलेच आहे असे धरून तो कामास लागतो. दोन कारभारी एकाच घरात सोडले, तर दोघेही त्याच मेमरीवर आणि त्याच डिस्कवर हक्क सांगतील, आणि घराचा नाश होईल.

यावर उपाय असा, की प्रत्येक कारभाऱ्यास स्वतंत्र घर द्यावयाचे. मात्र ते घर विटामातीचे नसून केवळ दाखविण्यापुरते असावयाचे. आपल्याकडील जुन्या वाड्यांची आठवण येथे उपयोगी पडेल. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे असत. प्रत्येक बिऱ्हाडाला आपली चूल, आपला उंबरठा, आपला संसार; पण जोते एक, नळ एक आणि मालकही एक. संगणकातील असा वाड्याचा मालक म्हणजे ‘हायपरव्हायजर’ नावाची आज्ञावली. पूर्वी कार्यप्रणालीला पर्यवेक्षक या अर्थाने ‘सुपरव्हायजर’ म्हणत. त्याच्याही वरचा तो हायपरव्हायजर, म्हणजे मुकादमावरचा मुकादम. त्याने उभ्या केलेल्या प्रत्येक दिखाऊ घरास ‘आभासी यंत्र’ म्हणतात.

ही कल्पना काल-परवाची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीपी-४०’ नावाची प्रणाली तयार केली आणि १९६७ च्या जानेवारीत ती नित्य वापरात आली. त्या काळी संगणक अतिशय महाग, आणि वापरू इच्छिणारे अनेक. तेव्हा एका यंत्राची १४ पर्यंत आभासी यंत्रे करून प्रत्येकास ‘सारे यंत्र तुझेच’ असा भास त्यांनी निर्माण केला. पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली आणि कल्पना बाजारात रुजली.

हा भास टिकतो कसा, हा खरा मर्माचा प्रश्न. प्रोसेसरला मिळणाऱ्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. बेरीज कर, तुलना कर, हा आकडा तेथे ठेव, या साध्या आज्ञा. मेमरीची वाटणी बदल, डिस्कशी बोल, सारे काम थांबव, या अधिकाराच्या आज्ञा. आभासी यंत्रातील कार्यप्रणालीच्या साध्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालू दिल्या जातात. त्यात कोणी मध्यस्थ नसतो, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. परंतु तिने अधिकाराची आज्ञा दिली, की प्रोसेसर तेथेच थबकतो आणि सूत्रे हायपरव्हायजरकडे जातात. तो आज्ञा तपासतो, आपल्या हद्दीत बसेल अशा रीतीने ती पार पाडतो, आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात सूत्रे परत करतो. डिस्क म्हणून तिला जे दाखविले जाते ती वस्तुतः खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाईल असते. मेमरी म्हणून जी दिसते तो खऱ्या मेमरीचा एक राखून ठेवलेला तुकडा असतो.

चांगल्या हायपरव्हायजरची लक्षणे गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली एका निबंधात मांडली. पहिले, आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्रावर असल्यासारखाच अनुभव यावा. दुसरे, सामग्रीवरचा ताबा सर्वस्वी हायपरव्हायजरकडे राहावा. तिसरे, बहुतेक आज्ञा मध्यस्थाविना थेट चालाव्यात. आजही ही कसोटी मानली जाते.

घरगुती संगणकांवर मात्र ही युक्ती लवकर आली नाही. त्यांतील इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत एक खोड होती. अधिकाराच्या काही आज्ञा अनधिकृत ठिकाणाहून दिल्या, तर प्रोसेसर थबकण्याऐवजी त्या मुकाट्याने अर्धवट पाळी आणि पुढे जाई. मुकादमाला चाहूलच लागत नसे. ही अडचण १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने चातुर्याने सोडविली. अशा धोक्याच्या आज्ञा आधीच हेरून त्या जागी निर्धोक आज्ञा घालणारी आज्ञावली त्यांनी लिहिली आणि १९९९ साली ती विक्रीस आणली. पुढे इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली. २००७ साली ‘व्हर्च्युअलबॉक्स’ मुक्त स्वरूपात सर्वांस उपलब्ध झाले, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ ही सोय आली. जी गोष्ट एकेकाळी मोठ्या कंपन्यांच्या आवाक्यातली होती, ती विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसली.

आता आमच्या प्रयोगाची हकिकत. आठ जीबी मेमरीचा एक साधा संगणक आम्ही घेतला. त्यावर चालू असलेली कार्यप्रणाली ती ‘यजमान’ आणि आत बोलावयाची ती ‘पाहुणी’. या विद्येत हेच शब्द रूढ आहेत, आणि आपल्या संस्कृतीला ते परके नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स बसविले, पाहुणीला एक जीबी मेमरी आणि २० जीबीची डिस्क देऊ केली. डिस्कची फाईल मात्र एकदम २० जीबी जागा अडवीत नाही. लागेल तशी ती वाढते. विंडोज एक्सपी बसविल्यावर ती दोन-तीन जीबीचीच भरली.

पहिल्याच पावलाला ठेच लागली. यंत्र सुरू होईना. प्रोसेसरमधील ज्या सोयीचा उल्लेख वर केला, ती कित्येक संगणकांत मिटवून ठेवलेली असते. संगणक चालू करताना बायोस नावाच्या मूळ मांडणीत जाऊन ती उघडावी लागली. मग जुन्या विंडोजचा तो परिचित हिरवा डोंगर आणि निळे आकाश नव्या पडद्याच्या चौकटीत अवतरले. पाहुणीला आतून जी सामग्री दिसते तीही जुन्या जमान्याची असते. यजमानाचे नवे भाग तिच्या ओळखीचे नाहीत, म्हणून आज्ञावली तिच्या ओळखीचेच भाग पुढे करते.

दुसरी अडचण कुलपाची. त्या काळचे मराठी प्रोग्रॅम चोरीच्या भीतीने एका लहानशा यूएसबी कुलपासह विकले जात; ते संगणकाला जोडल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. कुलूप यजमानाच्या अंगाला जोडलेले, आणि ते हवे पाहुणीला! परंतु आभासी यंत्रात अशी वस्तू यजमानाकडून काढून पाहुणीच्या हवाली करण्याची सोय आहे. तसे करताच यजमानाला ती दिसेनाशी होते आणि पाहुणीला दिसू लागते. कुलूप उघडले, फाईल उघडली, आणि वीस वर्षांपूर्वीच्या वसंतातले एक भाषण शुद्ध देवनागरीत समोर उभे राहिले. त्या क्षणी खोलीत आम्ही तिघे होतो. काही वेळ कोणी बोलले नाही.

या प्रयोगात एका सोयीने आम्हांस मोठाच हात दिला. आभासी यंत्राची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी टिपून ठेवता येते. तिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. एकदा छपाईसाठी एक चुकीची आज्ञावली बसवून आम्ही पाहुणीला पार आडवे केले. खऱ्या संगणकावर दोन दिवस गेले असते. येथे आधीच्या स्नॅपशॉटवर परतलो आणि पाच मिनिटांत काम पुढे सुरू झाले. लिनक्स शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच हा मार्ग अवश्य धरावा. घरच्या संगणकाला धक्का न लावता वाटेल तितक्या चुका करून पाहता येतात, आणि चुका केल्याशिवाय कोणतीही विद्या अंगी लागत नाही.

आता मर्यादा. आभासी यंत्र नवी शक्ती निर्माण करीत नाही. आहे ती वाटून देते. चार जीबी मेमरीत दोन बिऱ्हाडे थाटली तर दोन्ही कुरकुरतील. दुसरे, प्रोसेसरचे कूळ निराळे असेल तर ही युक्ती सरळ चालत नाही. अॅपलच्या २०२० पासूनच्या नव्या संगणकांतील प्रोसेसर इंटेलच्या भाषेचा नाही. तेथे जुनी विंडोज चालवावयाची तर एकेका आज्ञेचे भाषांतर करणारा दुभाष्या लागतो, आणि दुभाष्यामुळे वेग मंदावतो. तिसरे, परवान्याचे. लिनक्स मोफत मिळते. विंडोजच्या प्रत्येक पाहुणीला वेगळा परवाना लागतो, आणि संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा दुसरीकडे नेता येत नाही. आमच्याजवळ एक्सपीची स्वतंत्रपणे विकत घेतलेली प्रत होती, म्हणून निभावले.

चौथी मर्यादा सुरक्षिततेची. भिंती भक्कम असल्या तरी अभेद्य नाहीत. २०१५ साली ‘व्हेनम’ नावाने गाजलेला दोष आभासी फ्लॉपीच्या भागात सापडला होता. जी वस्तू कोणी वापरीतही नाही, तिच्या फटीतून पाहुण्याला बाहेर पडण्याची वाट होती. शिवाय विंडोज एक्सपीची डागडुजी निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. म्हणून आमच्या पाहुणीला इंटरनेटची जोडणी आम्ही दिलीच नाही. तिने आपले काम करावे, गावभर हिंडू नये.

मग या खटाटोपाने भाषणे वाचली का? अर्धीच वाचली, असे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आभासी यंत्रामुळे ती दिसू लागली. टिकाऊ झाली नाहीत. ते लहानसे कुलूप उद्या निकामी झाले तर पुन्हा अंधार. म्हणून आम्ही प्रत्येक भाषण आधी पानांच्या रूपात पीडीएफ करून ठेवले, आणि मग त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर हाती घेतले. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे स्थान आहे. तेथे ‘क’ हा ‘क’च असतो, मग फाँट कोणताही असो. हे रूपांतर यंत्राने होते, पण डोळ्यांनी तपासावे लागते. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर लिहिलेला असे. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट आहे. त्यामुळे ‘विचार’ आणि ‘धर्म’ यांसारखे साधे शब्दच आधी बिघडतात. हे काम अजून चालू आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशा फाईली असतील: वडिलांचे आत्मवृत्त, संस्थेचा इतिहास, एखाद्या शिक्षिकेचे टाचण. संगणक जुना झाला म्हणून तो भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क, प्रोग्रॅमची सीडी आणि असल्यास ते कुलूप काढून ठेवावे. आभासी यंत्राने जुने दार उघडता येते. पण दाराची किल्लीच फेकून दिली असेल, तर तेथे कोणतीही विद्या चालत नाही. आणि दार उघडले की आत रमून न बसता आतला ठेवा उजेडात आणून ठेवावा, एवढीच आमची विनंती.