बोलिंगचा चेंडू : छिद्रे पाडण्यापूर्वीच निर्णय आवश्यक

टेनपिन बोलिंगच्या नव्या चेंडूला बोटांसाठी छिद्रे पाडताना आता दुरुस्तीस फारसा वाव उरलेला नाही. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून पकडीसाठी न वापरली जाणारी जादा छिद्रे निषिद्ध ठरवली आहेत. पूर्वी अशा छिद्राद्वारे चेंडूचे वळण कमी-अधिक करता येत असे.

चेंडूवरील ‘पिन’ ही खूण आतील गाभ्याची दिशा दर्शवते. चेंडू ज्या अक्षाभोवती फिरतो, त्याच्या टोकापासून ही खूण सुमारे ३.३७५ इंचांवर असल्यास सममित गाभ्याच्या चेंडूचा अक्ष सर्वाधिक सरकतो. परिणामी प्रत्येक फेऱ्यात तेल न लागलेला पृष्ठभाग मार्गिकेला टेकतो आणि वळण वाढते. खूण टोकाच्या अगदी जवळ अथवा ६.७५ इंचांवर असल्यास वळण घटते. म्हणून खेळाडूची फेक पाहून हे टोक आधीच निश्चित करणे हिताचे ठरते.