जळगावचा महामार्ग : १५००, १२०० आणि ९००

सुरत–नागपूर महामार्गाचे चौपदरीकरण कागदावर चार तुकड्यांत कापले गेले. किलोमीटर १६६ ते ३६० अमरावती–चिखली, ३६० ते ४२२.७ चिखली–तरसोद, ४२२.७ ते ५१० तरसोद–फागणे आणि ५१० ते ६५०.७९४ फागणे ते गुजरातची हद्द. बेरीज ४८४.८ किलोमीटर. यातली चिखली मुक्ताईनगरकडची, बुलढाण्याची नव्हे.

पहिला आणि शेवटचा तुकडा मिळून ३३४.८ किलोमीटर होतात, म्हणजे एकूण लांबीच्या ६९ टक्के. हे दोन्ही तुकडे आयएल अँड एफएस या एकाच समूहाच्या कंपन्यांकडे होते. २०१८ मध्ये तो समूह कोसळला आणि दोन्ही टोकांची कामे अडली. जळगावच्या वाट्याचे मधले दीडशे किलोमीटर मात्र ‘हायब्रीड ॲन्युइटी’ पद्धतीने दिलेले होते. यात ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना सरकार देते, उरलेली ६० टक्के ठेकेदार उभी करतो आणि पुढच्या १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने परत घेतो. याच महामार्गावर अमरावती–अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नोंद झाली. डांबर टाकायला वेळ लागत नाही, हे तेवढ्यापुरते सिद्ध झाले.

जळगाव शहरातल्या वाहतूक कोंडीच्या प्रश्नाला मात्र वेगळे आकडे लागतात, आणि ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या एका तक्त्यात आहेत. शहरी रस्त्यावरून तासाला किती वाहतूक नीट जाऊ शकते, ते त्यात दिले आहे. मोजमाप ‘पीसीयू’ या एककात, म्हणजे सगळी वाहने मोटारीच्या हिशेबात बदलून. दुपदरी रस्त्याला लागून दारे-दुकाने नसतील, कोणी गाडी लावत नसेल आणि आडवी वाहतूक नगण्य असेल, तर दोन्ही दिशा मिळून क्षमता तासाला १५०० पीसीयू. रस्त्यावर दारे उघडू लागली की १२००. गाड्याही उभ्या राहू लागल्या आणि आडवी ये-जा वाढली की ९००. रस्ता तोच, रुंदी तीच, डांबरही तेच, आणि क्षमतेत ४० टक्के घट.

जळगावची लोकसंख्या २००१ मध्ये ३,६८,६१८ होती, २०११ मध्ये ४,६०,२२८ झाली. दहा वर्षांत २४.९ टक्के वाढ. (२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही नियोजनाची बोलणी याच शिळ्या आकड्यावर चालतात.) महामार्ग ओलांडून वसाहती पसरत गेल्या आणि गावाबाहेरून जाणारा रस्ता गावाच्या मध्यावर आला. पोर क्लासला, बाई भाजीला, माणूस कामावर, सगळे महामार्ग ओलांडूनच. म्हणजे १५०० चा रस्ता ९०० वर घसरला. ट्रकवाल्यांनी काही वाईट केले म्हणून हे घडलेले नाही.

यावर दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे खोटेनगर ते कालिंका माता मंदिर हा साडेसात किलोमीटरच्या आसपासचा शहरातला भाग चौपदरी करणे. दुसरा बायपास.

चौपदरी दुभाजकवाल्या रस्त्याची क्षमता त्याच तक्त्यात ३६०० आहे, दारे उघडली की २९००. प्रभात चौक आणि गुजराल पेट्रोल पंपाजवळ अंडरपास झाले. तिथे आडवी वाहतूक खालून जाते, हिशेब जमतो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौफुली इथे मात्र सर्कल, म्हणजे रोटरी, आले. इंडियन रोड्स काँग्रेसचीच १९७६ ची मार्गदर्शिका सांगते की सगळ्या बाजूंनी येणारी मिळून तासाला सुमारे ३००० वाहने ही रोटरीची वरची मर्यादा. म्हणजे ३६०० क्षमतेचा रस्ता बांधून तो ३००० च्या नरसाळ्यात सोडायचा, आणि त्यातही आडव्या रस्त्यांची गर्दी अजून धरलेलीच नाही. दोन एकके तंतोतंत सारखी नाहीत हे मान्य, पण गर्दीच्या वेळी अजिंठा चौफुलीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या फरकाने दिलासा मिळणार नाही.

बायपास पाळधी ते तरसोद, १७.७ किलोमीटर. ताशी ८० च्या वेगाने सव्वातेरा मिनिटे. धुळ्याहून भुसावळकडे थेट जाणाऱ्या ट्रकसाठी उत्तम. पण नकाशा पाहा. हा बायपास शहराच्या उत्तरेकडून, आव्हाणे, ममुराबाद, आसोदा या बाजूने जातो. छत्रपती संभाजीनगरहून येणारा ७५३ एफ महामार्ग दक्षिणेकडून थेट अजिंठा चौफुलीवर उतरतो आणि एमआयडीसीही त्याच अंगाला. त्या ट्रकांना उत्तरेचा बायपास गाठायचा तर आधी शहराच्या महामार्गावर यावेच लागते. दुसरे टोक पाळधीला, म्हणजे बांभोरीच्याही पश्चिमेला. विद्यापीठ बांभोरीला, जैन इरिगेशनचा कारखाना बांभोरीला. शहरातून तिकडे रोज जाणारा विद्यार्थी किंवा कामगार गिरणा नदीवरचा जुनाच पूल ओलांडणार. शहराची स्वतःची वाहतूक बायपासवर जात नसते, आणि जळगावची गर्दी मुख्यतः तीच आहे.

म्हणून जळगावकर वर्षानुवर्षे मागत आलेले समांतर रस्ते मला दोन्ही उपायांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. महामार्गाची हद्द ६० मीटरची. साडेतीन मीटरच्या चार लेनना १४ मीटर, दोन्ही बाजूंच्या सात-सात मीटरच्या समांतर रस्त्यांना आणखी १४. डांबर झाले २८ मीटर. दुभाजक, गटार आणि पायवाटेला ३२ उरतात. दारे समांतर रस्त्यावर उघडली की मधला रस्ता तक्त्यातल्या वरच्या ओळीत परत जातो. ही मागणी मोर्च्यांची म्हणून ओळखली गेली, पण गणितही तिच्याच बाजूने आहे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर, म्हणजे ३६ टक्के, आणि हे महामार्ग एकूण रस्त्यांच्या लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला महामार्गावरूनच गाडी न्यावी लागते, तिथे हे आकडे कसे तयार होतात ते वेगळे सांगायला नको.

धुळ्याची गोष्ट थोडी निराळी. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने पेठ आखून दिली, त्यामुळे त्या पेठेला सरळ गल्ल्या मिळाल्या. मुंबई–आग्रा महामार्ग गावाबाहेर गेला, आग्रा रोड बाजारपेठ म्हणून राहिला. लोकसंख्याही सावकाश वाढली: ३,४१,७५५ वरून ३,७५,५५९, दहा वर्षांत जेमतेम दहा टक्के. दाब कमी होता म्हणून धुळ्याचे निभावले. जळगावच्या वेगाने वाढणाऱ्या शहराला ही सवलत नाही.

जळगावला शहरात झालेली चूक निदान बायपासवर टाळता येईल: आव्हाणे-ममुराबादकडची शेते अजून शेतेच आहेत. बायपासच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची पट्टी समांतर रस्त्यांसाठी धरली तर १७.७ किलोमीटरला ३५.४ हेक्टर लागतात, साडेसत्याऐंशी एकर. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला एक ते दोनचा गुणक लागतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे दहा लाखांच्या जमिनीला जास्तीत जास्त चाळीस लाख. एकदा तो भाग शहरी हद्दीत येऊन तिथे बिगरशेती (एनए) प्लॉट पडले की गुणक एकावर येईल खरा, पण भाव चौरस फुटात सांगितला जाईल.