चहाची तपासणी झाली, कपाची कधी?

कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाच्या पानांपासून बनलेल्या पेयालाच चहा म्हणता येईल, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं डिसेंबर २०२५मध्ये बजावलं. त्यानंतर 'हर्बल टी' विकणाऱ्यांच्या वेष्टनांची चर्चा बरीच झाली. भोपाळच्या कोलार रोडवर मात्र चहा पिणाऱ्याला वेष्टन दिसतच नाही. चुनाभट्टीपासून गोल जोडपर्यंत गुमट्यांवर, म्हणजे टपऱ्यांवर, उकळतो तो चहा कुठल्या मळ्यातला, त्यावर काय फवारलं होतं, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

विक्रेत्यालाही ते क्वचितच ठाऊक असतं. देशातल्या हिरव्या पानांपैकी निम्म्याहून अधिक पानं आता छोटे उत्पादक पिकवतात. अनेकांची पानं एकाच कारखान्यात एकत्र होतात. उष्मा वाढला, पाऊस बेभरवशाचा झाला की कीड वाढते, फवारणीही वाढते. खुडणी मात्र थोड्याथोड्या दिवसांनी होतच राहते, त्यामुळे कीटकनाशकांचे अवशेष पानांवर उरू शकतात. चहावर वीस कीटकनाशकांना बंदी आहे. अवशेषांच्या भीतीनं आसाममधल्या पानं विकत घेणाऱ्या कारखान्यांनी १ जून २०२४पासून छोट्या उत्पादकांचा माल घेणार नाही, असा इशारा दिला होता. माझ्या मते अवशेष टाळण्याचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. कीड ओळखायला शिकवणारा माणूस आणि अवशेष तपासणारी प्रयोगशाळा त्याच्या गावाजवळ हवी. टपरीवरच्या चहाला लागते ती डस्ट, म्हणजे चहाची बारीक भुकटी. उत्तर भारतातल्या कारखान्यांनी सगळी डस्ट लिलावातूनच विकावी, असा नियम १ एप्रिल २०२४पासून आला. त्यामुळे तपासणीला निदान एक जागा मिळाली.

एवढी राखण करून आलेला चहा आपण ओततो कशात? कागदी कपात. आयआयटी खरगपूरच्या प्रा. सुधा गोयल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२०मध्ये केलेला अभ्यास प्रत्येक चहाबाजानं लक्षात ठेवावा. कप गळू नये म्हणून आतून पातळ पडदा देतात, तो बहुधा प्लास्टिकचाच असतो. अशा कपांत ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर पडद्याची झीज होऊन सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण पाण्यात उतरले. दिवसाला तीन कप धरले तर ७५ हजार. या कणांनी शरीराचं नेमकं किती बिघडतं, यावर संशोधन चालू आहे. तोवर ते गिळत राहण्याचं कारण मला दिसत नाही. त्यातच १ जुलै २०२२च्या एकल-वापर प्लास्टिकवरच्या बंदीत प्लास्टिकचे कप गेले, कागदी राहिले. 'कागदी म्हणजे निर्धोक' हा समज त्यामुळे घट्ट झाला. कुल्हड चांगलाच, मात्र लाखो कुल्हडांना माती आणि भट्टीला जळण लागतं. काचेचा ग्लास स्वच्छ धुतला तर वर्षानुवर्षं चालतो.

घरच्या चहाबद्दल एक सांगायलाच हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला सांगितलं आहे, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीराला पुरेसं मिळू देत नाही. मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. जेवण उरकल्याबरोबर आधण ठेवायची आपल्या घरांतली सवय म्हणूनच मोडायला हवी. चहा सोडायची गरज नाही, वेळ बदलली तरी पुरे.

महापालिकेनं गुमटीला परवाना देताना ग्लास धुण्यासाठी नळाच्या पाण्याची सोय करून द्यावी. आपण मात्र तोवर थांबू नये. कोलार रोडवर सर्वधर्मला, बीमा कुंजला किंवा आणखी कुठंही 'एक कट' चहा सांगाल तेव्हा काचेचा ग्लास मागा, आणि तो नसेल तेव्हासाठी गाडीच्या डिकीत स्टीलचा पेला ठेवा.